कांबळे : आडनाव की जातीचा दाखला?

परवा कोर्टातून परतलो तेव्हा ऑफिसात एक तरुण बसून होता. शिकलेला, इंजिनीअर, खासगी कंपनीत नोकरीला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. उठून म्हणाला, "जयभीम, वकीलसाहेब. आडनाव बदलायचंय. राजपत्राचा अर्ज आणलाय, तेवढा तपासून द्या."

मी अर्ज पाहिला. जुने आडनाव : कांबळे. नवे आडनाव : गावाच्या नावाला 'कर' लावलेले. कारण : वैयक्तिक. मी विचारले, "खरं कारण काय?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सात खोल्या पाहिल्या, सर. दलालाशी भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं. मग घरमालक पूर्ण नाव विचारतो. कांबळे म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्याचा पुतण्या गावाहून राहायला येणार असतो. सातही घरमालकांचे पुतणे एकाच महिन्यात कसे काय येतात हो?"

मी हसलो नाही. कारण माझेही आडनाव कांबळेच आहे. वीस वर्षांपूर्वी वकिली सुरू केली तेव्हा माझ्याही वाट्याला असे पुतणे आले होते. 'कांबळे म्हणजे... कुठले?' हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, विचारणाऱ्याला गावाचे नाव नको असते, हे मला कळते. त्याला जात हवी असते. ती विचारायची लाज वाटते म्हणून तो गाव विचारतो. शहरातला जातीयवाद असा सभ्य असतो!

तरुणाला मी दोन दिवसांनी यायला सांगितले. आणि विचार करू लागलो : ज्या आडनावाची आपल्या पोरांना अडचण होते, ते आडनाव आले कुठून? ते आहे कुणाकुणाचे? आणि ते खरोखरच जात सांगते का?

शब्दापासून सुरुवात करू. मराठीत कांबळे म्हणजे घोंगडी, जाडीभरडी लोकरीची. संस्कृतात आणि पालीत कंबल. शब्द किती जुना आहे, हे बौद्धांना वेगळे सांगायला नको. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात भगवान बुद्धांच्या काळातील ज्या सहा आचार्यांची मते येतात, त्यांत एक अजित केसकंबल आहे. केसांचे कांबळे पांघरणारा म्हणून केसकंबल. यज्ञ, दान, परलोक यांपैकी काहीच न मानणारा तो जडवादी. आता यावरून उद्या कुणी कांबळ्यांची वंशावळ थेट अजित केसकंबलापर्यंत नेऊन भिडवील, तर ते करू नये. कुळाला ऋषी आणि राजे चिकटवण्याचा धंदा ज्यांचा आहे, त्यांनाच तो लखलाभ असो. आपल्याला खोट्या वंशावळीची गरज नाही.

आपली घोंगडी गावाच्या वेशीवरची आहे. वेसकराच्या एका हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. ही त्याची ओळख होती. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये वेसकराची ही काठी आणि त्याची भाकरी मागत फिरण्याची फेरी अशी लिहून ठेवली आहे की, वाचणाऱ्याच्या घशात घास अडकावा. गावाची राखण महाराने करायची, सारा पोचवायचा, सरकारी बोजा वाहायचा, मेलेले ढोर ओढायचे, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात कोसच्या कोस पळायचे आणि त्याबदली तुकडाभर वतनी जमीन नि शिळ्या भाकरीचा हक्क! ब्रिटिशांनी १८७४ च्या वतन कायद्याने ही गुलामगिरी कागदावर पक्की केली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन मोडीत काढले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. तोवर घोंगडी खांद्यावर होतीच.

त्या कामांची आडनावे आजही आपल्यात आहेत. वेसकर आहे, येसकर आहे, तराळ आहे. घोंगडीवरून कांबळे, असे सांगतात तेव्हा त्या सांगण्यामागे हा सगळा इतिहास उभा असतो.

पण दुसरी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. जात पडताळणीची प्रकरणे चालवताना मला जुने कागद रोज हाताळावे लागतात. कोतवाल बुकाचा उतारा, शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, फेरफार. या कागदांत आजोबा-पणजोबांची नावे कशी असतात? 'रामा बिन धोंडी महार.' 'सखू मर्द नामा महार.' तिथे आडनाव नसते. पाटलाला आडनाव, कुलकर्ण्याला आडनाव आणि आमच्या माणसाच्या नावापुढे आडनावाच्या जागी जात! तलाठ्याच्या लेखी त्याला कूळ नव्हतेच, फक्त जात होती.

म्हणजे पुढे ज्या दिवशी एखाद्या शाळेच्या नोंदवहीत त्याच पणजोबाच्या नातवाचे नाव 'कांबळे' असे लागले, त्या दिवशी 'महार' हा शब्द आडनावाच्या जागेवरून उठून जातीच्या रकान्यात गेला. साधी गोष्ट वाटते? साधी नाही. आडनाव लागणे हीसुद्धा एक पायरी होती. आज जे आडनाव ओझे वाटते, ते एका पिढीने कमावलेले आहे.

आता हे आडनाव आहे कुठे आणि कुणाचे, ते पाहू. जनगणना आडनावांचे तक्ते काढत नाही, त्यामुळे कांबळे किती, याचा सरकारी आकडा नसतो. पण आपण माणसांत फिरणारी माणसे आहोत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा, पुणे, लातूर, धाराशिव, नांदेड आणि खाली कोकणात रत्नागिरीपर्यंत हे आडनाव दाट आहे. सीमा ओलांडून बेळगाव, विजापूर, कलबुर्गीकडे गेलात तर तिथेही कांबळे भेटतात. नांदेड-लातूर पट्ट्यात सोनकांबळे भेटतात. 'आठवणींचे पक्षी' लिहिणारे प्र. ई. सोनकांबळे तिकडचेच. नोकरीच्या शोधात हीच माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत, पुण्याच्या कारखान्यांत गेली आणि आडनाव शहरात पोचले. विदर्भात मात्र चित्र बदलते. तिथे मेश्राम, रामटेके, खोब्रागडे, गजभिये, वासनिक. खानदेशात निकम, सोनवणे, अहिरे, बागूल. धम्म एकच, चळवळ एकच. पण आडनाव प्रांताप्रांताला वेगळे. आणि कोकण-गोव्याकडचे 'कांबळी' हे तर वेगळेच आडनाव. एका वेलांटीत माणूस दुसऱ्या समाजात जातो.

बरे, कांबळे म्हणजे फक्त पूर्वाश्रमीचे महार का? अजिबात नाही. कांबळे मातंग समाजात आहेत, चर्मकार समाजात आहेत, ढोर समाजात आहेत. कोल्हापूर-सांगलीच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कांबळे प्रार्थना करतात. दुसऱ्या बाजूने पाहा. गायकवाड, जाधव, पवार, मोरे, शिंदे, कदम, मोहिते, साळवे ही आडनावे आपल्याकडेही आहेत आणि मराठ्यांकडेही आहेत. मग गायकवाड म्हटल्यावर खोली मिळते आणि कांबळे म्हटल्यावर पुतण्या येतो, याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की आडनाव जात सांगत नाही. ऐकणाऱ्याचा कान जात शोधत असतो. दोष शब्दात नाही, कानात आहे.

हा कान किती तीक्ष्ण आहे, याचे शास्त्रीय मोजमापही झाले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले. शिक्षण तेच, अनुभव तोच. फरक फक्त नावात. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असे, एक दलित वाटेल असे, एक मुस्लिम. निष्कर्ष असा निघाला की, उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोनतृतीयांश, आणि मुस्लिम नावाची तर एकतृतीयांशच. माणूस समोर आलेला नाही, मुलाखत झालेली नाही. नुसते नाव वाचून दार लागले! 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून आरक्षणाच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मग आडनाव बदलले की प्रश्न सुटला, असे त्या तरुणाला वाटते. आणि तो एकटा नाही. त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे गाव. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी जे नाव दाखल झाले ते 'भिवा रामजी आंबेडकर'. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. म्हणजे गावावरून आडनाव घेण्यात नवे किंवा लाजिरवाणे काहीच नाही. तमिळनाडूत तर पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिवाचक शेपटे टाकून देण्याचा ठराव केला आणि लोकांनी तो अंगी बाणवला. बीड जिल्ह्याच्या पोलीस दलात २०२५ मध्ये नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढून नुसती पहिली नावे ठेवली गेली. जातीची ओळख पुसण्याचे हे प्रयत्न स्वागतार्हच आहेत.

पण एक फरक नीट समजून घ्या. तिथे सगळ्यांची आडनावे गेली. इथे फक्त कांबळ्याने आपले टाकायचे आणि देशपांड्याने, पाटलाने आपले मिरवायचे. याला जातिअंत म्हणत नाहीत, याला लपणे म्हणतात. आणि बाबासाहेब? त्यांनी आडनावामागे जात लपवली का? त्या नावानेच त्यांनी महाडचे पाणी पेटवले, त्या नावानेच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. आंबेडकर या आडनावाला त्यांनी इतके मोठे केले की आज ते ऐकल्यावर जातीयवाद्यांच्या कानाला दडे बसतात. आडनाव बाबासाहेबांमुळे मोठे झाले, आडनावामुळे बाबासाहेब नव्हे.

कांबळे या आडनावाचेही तेच आहे. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले. छापखाना आपला नाही, वाचणारा वर्ग मूठभर, अशा काळात या माणसाने वृत्तपत्र चालवले. मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध लेखणी झिजवली. लष्करभरती पुन्हा सुरू करा म्हणून १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल टाकले आणि अस्पृश्याच्या हातचा चहा कुणी पिईना, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, सरदारांनाही पाजला. पुढे महाराज गेल्यावर त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात याच गंगाराम कांबळ्यांचा पुढाकार होता. बी. सी. कांबळे यांनी वकिली, संसद आणि बाबासाहेबांचे चरित्र अशा तिन्ही आघाड्या सांभाळल्या. दलित पँथरचे अरुण कांबळे, ज्यांनी रामायणातील संस्कृतिसंघर्ष उलगडून दाखवला. फलटणच्या बेबीताई कांबळे. 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिणाऱ्या शिक्षिका शांताबाई कांबळे. ठाण्याच्या २०१० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले उत्तम कांबळे. ही नावे आपल्या पोरांना पाठ आहेत का? नसतील तर चूक त्यांची नाही, आपली आहे. आपण त्यांना आडनाव दिले, आडनावाचा इतिहास दिला नाही.

आता वकील म्हणून चार गोष्टी सांगतो, कारण भावनेवर खटला चालत नाही.

पहिली गोष्ट, नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे आणि ते बदलण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरील नावाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका कुटुंबाचे प्रकरण आले. वडिलांनी 'मोची' हे आडनाव टाकून 'नायक' घेतले होते आणि मुलांना ते आपल्या प्रमाणपत्रांवर हवे होते. न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. पण त्याच वेळी बजावले की, आडनाव बदलल्याने जात बदलत नाही.

दुसरी गोष्ट हीच. आडनाव बदलल्याने आरक्षण जात नाही आणि आडनावामुळे ते मिळतही नाही. संविधानाच्या कलम ३४१ खालील १९५० च्या आदेशात महाराष्ट्रासाठी ज्या अनुसूचित जाती आहेत, त्यांत महार आहे, मांग आहे, चांभार आहे, ढोर आहे. कांबळे नावाची जात त्या यादीत नाही, कुठेच नाही. आपण धम्म स्वीकारला म्हणून केंद्राच्या सवलती नाकारल्या जात होत्या. १९९० च्या दुरुस्तीने त्या बौद्धांना लागू झाल्या. पण दाखल्यावर यादीतली मूळ जात असावी लागते. आडनाव पाहून कुठलीही समिती वैधता देत नाही. ती मागते १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. तोच तो कोतवाल बुकातला 'बिन'वाला उतारा. म्हणून आडनाव बदलायचेच असेल तर आधी जुन्या नावाने जात वैधता प्रमाणपत्र काढा, मग राजपत्र करा आणि राजपत्राची प्रत जन्मभर जपा. मधली एक कडी तुटली तर नातवाला प्रवेशाच्या वेळी समितीच्या दारात हेलपाटे घालावे लागतात.

तिसरी गोष्ट आपल्या लेकीबाळींची. पुरुषाला आडनाव बदलायचे की नाही, हे ठरवता येते. बाईचे ते लग्नाच्या मांडवात न विचारता बदलते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. जात तर वडिलांकडची धरतात. माझ्याकडे पडताळणीसाठी येणाऱ्या बायकांचे निम्मे काम 'ती आणि मी एकच' एवढे सिद्ध करण्याचे असते. माझे म्हणणे एवढेच की, मुलीच्या माहेरच्या आडनावाचे सगळे कागद तिच्या पेटीत द्या. ते सोन्याहून उपयोगी पडतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २०११ मध्ये सरकारने सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय पाहणी केली. लोकांना जात विचारली, तर कुणी आडनाव सांगितले, कुणी गोत्र, कुणी पोटजात, कुणी कूळ. १९३१ च्या जनगणनेत देशभरात ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. २०११ च्या पाहणीत त्या झाल्या ४६ लाखांहून अधिक! केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार एकट्या महाराष्ट्रात ४.२८ लाख 'जाती' निघाल्या, आणि त्यांतल्या ९९ टक्के अशा की ज्यांची लोकसंख्या शंभरही नाही. 'आकडे चुकीचे आहेत' म्हणून सगळी माहिती गुंडाळून ठेवायला सरकारला आयते कारण मिळाले. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचे केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या ६५ लाख ३१ हजार भरली. १९५१ मध्ये ती अडीच हजारसुद्धा नव्हती आणि १९६१ मध्ये जवळपास २७ लाख ९० हजार झाली. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिण्याची ती ताकद! तेव्हा गणक दारात आला की धर्म 'बौद्ध' सांगा, अनुसूचित जातीच्या प्रश्नाला यादीतली मूळ जात सांगा, आणि जातीच्या जागी आडनाव सांगू नका. 'कांबळे' हे जातीचे उत्तर नव्हे. पेनाने काय लिहिले जाते तेही डोळ्यांनी पाहा.

तो तरुण ठरल्या दिवशी आला. हे सगळे मी त्याला सांगितले. शिवराम जानबांचे सांगितले, घोंगडीचे सांगितले. अर्ज त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "हक्क तुझा आहे. सही करायची असेल तर मी आत्ता साक्ष घालतो, एक पैसा घेणार नाही. पण एवढं लक्षात ठेव, नव्या आडनावाच्या खोलीत राहशील तेव्हा गावाहून आई येईल. ती तुला हाक मारताना जयभीम म्हणेल. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागेल. मग त्या घरमालकाचा पुतण्या पुन्हा येणारच. तेव्हा तू काय बदलशील?"

त्याने बराच वेळ अर्जाकडे पाहिले. फाडला नाही, सहीही केली नाही. घडी करून पिशवीत ठेवला. म्हणाला, "आधी वैधतेचं बघू, सर. आजोबांचा उतारा काढायला गावाला जातो."

त्याने पुढे काय करावे, हे तो ठरवील. मात्र आठवी खोली त्याला कांबळे म्हणूनच मिळाली पाहिजे, यासाठी काय करायचे हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचे आहे. आपल्या वस्तीत, आपल्या सोसायटीत, आपल्या हाती ज्या दोन-चार खोल्या भाड्याने द्यायला आहेत, तिथून सुरुवात करू. मातंग कांबळे आला, चर्मकार कांबळे आला, मुस्लिम शेख आला, तर आपल्या घराला तरी पुतण्या नसावा.

जयभीम!